ऐकू येतो पण दिसत नाही: परसातल्या पक्ष्यांचा अवघडपणाचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा. तळेगावात घर, मागे दोनेक गुंठ्यांचा परस. त्यात एक जुना आंबा, एक कडुनिंब, शेवगा, जास्वंदीचं कुंपण आणि कोपऱ्यात कढीपत्ता. शेजारचा प्लॉट मोकळा, त्यावर घाणेरी आणि बाभळी माजलेल्या. रस्त्यापलीकडे पिंपळ. सकाळी वीसेक तऱ्हेचे आवाज येतात, पण दिसतात ते कावळे, पारवे, साळुंक्या, चिमण्या आणि बुलबुल. आठवीतल्या मुलीला घेऊन यादी करायची आहे, तर कोणता पक्षी आधी शोधायचा आणि कोणता मागून, असा क्रम लावून हवा आहे. दुर्बीण अजून घेतलेली नाही.

क्रम देतो. त्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. आवाज वीस येतात आणि पक्षी पाच दिसतात, म्हणजे पक्षी भरपूर आहेत, पंधरा जण डोळ्यांसमोर असूनही निसटतायत. आणि त्यातला जवळजवळ कोणीही दुर्मीळ नाही. परसातला अवघड पक्षी बहुतेक वेळा अगदी नेहमीचाच असतो, फक्त त्याची बसायची जागा आणि आपली बघायची सवय यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे क्रम लावताना पक्षी किती क्वचित आढळतो हे मी धरत नाही. आवाज कानावर पडल्यापासून पक्षी नीट दिसेपर्यंत किती वेळ जातो, ते धरतो. नीट दिसणं म्हणजे चोच, डोकं आणि शेपूट तिन्ही दिसणं. पानांतून काहीतरी भुर्रकन गेलं, तर ते वहीत लिहायचं नाही.

हा वेळ कशावर ठरतो? पहिलं, पक्षी कोणत्या थरात राहतो यावर. आपली नजर सहजपणे जमिनीपासून दोन-अडीच मीटरपर्यंत फिरते. शेंड्यावरचे आणि झुडपाच्या पोटातले पक्षी त्यातून सुटतात. दुसरं, तो हलतो का. हलणारं काहीही डोळा पकडतो, स्वस्थ बसलेला पक्षी पकडत नाही. तिसरं, रंग कोणत्या पार्श्वभूमीवर आहे. आणि चौथं, ज्याकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं ते म्हणजे आवाज जागा सांगतो की लपवतो. बुलबुलाचा आवाज ऐकून मान वळवली की बुलबुल दिसतो. तांबटाचा आवाज ऐकून मान वळवली की रिकामी फांदी दिसते.

यातलं बरंचसं ऋतूवर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आत्ता मार्चचा पहिला आठवडा आहे आणि तुम्ही अगदी योग्य वेळी सुरुवात करताय. कडुनिंब पानं गाळतोय, शेवगा विरळ आहे, पांगारा आणि सावर जिथे असतील तिथे उघडे आहेत. शेंड्यावरचे पक्षी आत्ता जितके सोपे आहेत तितके जुलैत राहणार नाहीत. उलट आंबा बारमाही दाट, त्यामुळे आंब्यातले पक्षी कायमच कठीण. शिवाय हिवाळी पाहुणे अजून गेलेले नाहीत. कोकणात, विदर्भात किंवा शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघणाऱ्यासाठी हा क्रम थोडा खालीवर होईल. गॅलरीतून तर शेंड्यावरचे पक्षी नजरेच्या पातळीत येतात आणि झुडपातले हरवतात.

तुमच्या परसासाठी माझा क्रम असा. आपोआप दिसणारे: कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी, लालबुड्या बुलबुल, होला, कोतवाल, वेडा राघू. थोडं थांबलं की दिसणारे: दयाळ, चिरक, नाचण, सूर्यपक्षी, सातभाई, पोपट, खंड्या. युक्ती लागणारे: पिंगळा, भारद्वाज, शिंपी, राखी वटवट्या, चष्मेवाला, तांबट. चिकाटी लागणारे: कोकीळ, कुटुर्गा, हळद्या, सुभग, हरियाल, फुलटोच्या. आणि शेवटी पावशा, शिंगळा घुबड आणि हिवाळी वटवटे. एका पायरीवरचे निम्मे झाले की पुढच्या पायरीला हात घाला. सगळे संपायची वाट बघू नका, नाहीतर मुलीचा उत्साह बुलबुलांवरच संपेल.

पहिल्या पायरीचं वेगळं काम आहे, ते म्हणजे मापाची पट्टी तयार करणं. चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा हे पाच आकार डोळ्यांत पक्के बसवा. पुढे प्रत्येक अनोळखी पक्ष्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हा चिमणीपेक्षा लहान की मोठा, बुलबुलाएवढा की साळुंकीएवढा. रंग उन्हात फसवतो, आकार कमी फसवतो. मुलीला आठवडाभर हेच करू द्या आणि बरोबर शेपटीची लांबी व चोचीचा आकार सांगायला लावा.

दुसऱ्या पायरीतले पक्षी स्वतःहून उघड्यावर येतात, फक्त आपण तिथे असायला हवं. दयाळ हिवाळ्यात फारसा बोलत नाही, पण आता उन्हाळा लागला की काळा-पांढरा नर पहाटे टीव्हीच्या अँटेनावर किंवा झाडाच्या टोकावर बसून शीळ घालायला लागेल. नाचण एका जागी दोन सेकंदही थांबत नाही, पण शेपटीचा पंखा सतत उघडत-मिटत असल्यामुळे तोच तुम्हाला शोधतो म्हणा ना. सूर्यपक्षी जास्वंदीवर येतील. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या दिवसांत उन्हात निळा-जांभळा चमकतो, पण तो हंगाम संपल्यावर मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा तेवढा उरतो. मळकट पट्ट्याचा वेगळाच पक्षी म्हणून त्याला वहीत दुसऱ्यांदा लिहिणारे बरेच असतात.

तिसऱ्या पायरीपासून खरं काम सुरू होतं. इथून पुढे पक्ष्यामागे जायचं नाही, बसायचं. जागा निवडताना सूर्य पाठीमागे हवा, म्हणजे सकाळी पूर्वेकडे पाठ करून. भिंतीला किंवा बुंध्याला टेकून बसा, म्हणजे आपली आकृती उठून दिसत नाही. पहिली दहा मिनिटं काही दिसणार नाही. आपण आल्यामुळे विस्कटलेली हालचाल पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतोच. बहुतेक लोक आठव्या मिनिटाला उठतात. आत्ताच्या दिवसांत पावणेसात ते नऊ ही वेळ सर्वांत चांगली, त्यानंतर साडेचार ते सहा. दुपारी बारा ते तीन झाडाकडे बघून डोळे शिणवू नका.

झाडाच्या बरोबर खाली उभं राहणं ही सर्वांत मोठी चूक. तिथून पक्ष्याचं फक्त पोट दिसतं, तेही आकाशाच्या उजेडावर काळं. झाडाच्या उंचीइतकं मागे सरका. मग एकेक पान तपासत बसू नका. नजर सैल सोडून पूर्ण झाड एकदम बघा आणि हालचाल होण्याची वाट पाहा. वाऱ्याने हललेली फांदी झुलून परत येते, पक्ष्याने हललेली फांदी एकदाच दचकते. हा फरक दोन-तीन दिवसांत मुलीच्या लक्षात येईल, मुलांचे डोळे त्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात. दिसलं की हात लांब करून बोट दाखवायचं नाही. झाड म्हणजे घड्याळ समजायचं आणि हळू आवाजात ‘आंबा, दोन वाजता, बाहेरच्या फांदीवर’ असं सांगायचं.

पिंगळा या पायरीत सर्वांत सोपा. साळुंकीपेक्षा जरा लहान, गोल डोक्याचं, राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेलं घुबड. दिवसा एखाद्या ढोलीत किंवा दाट फांदीत जोडीने बसतं आणि जागा सहसा बदलत नाही. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ते तारेवर किंवा खांबावर येतं आणि चिरक्या आवाजात भांडल्यासारखं ओरडतं. तुम्ही बघताय असं कळलं की ते डोकं वरखाली करून तुमच्याकडे बघेल.

भारद्वाज कावळ्यापेक्षा लांब, काळा कुळकुळीत अंगाचा, विटकरी पंखांचा आणि लाल डोळ्यांचा. एवढा मोठा पक्षी या पायरीत कसा, असं वाटेल. तो उडायचं टाळतो आणि झुडपातून चालतो. त्याचा घुमणारा ‘हूप हूप हूप’ आवाज जमिनीलगत पसरतो, त्यामुळे दिशा कळते पण अंतर कळत नाही. आवाजाकडे जाऊ नका. घाणेरीच्या जाळीचा जो काठ मोकळ्या जमिनीला लागतो, तिथे नजर ठेवा. सकाळी दव पडलेलं असताना किंवा पावसाच्या सरीनंतर तो पंख पसरून उन्हात वाळत बसतो, तेव्हा निवांत दिसतो. त्याचं दर्शन शुभ मानतात, त्यामुळे घरातली वडीलधारी माणसंही या शोधात आनंदाने सामील होतात.

शिंप्याकडे जरा जास्त वेळ देऊ, कारण तुमच्या वीस आवाजांतला सर्वांत मोठा आवाज बहुधा त्याचाच आहे. ‘टुविट टुविट टुविट’ असा एकसारखा, कानाला टोचणारा. आवाज ऐकून लोक साळुंकीएवढा पक्षी शोधतात आणि वर बघतात. प्रत्यक्षात तो चिमणीहून लहान, वजनाला दहा ग्रॅमच्या आतबाहेर, आणि कंबरेच्या उंचीवर जास्वंदीच्या आत असतो. त्यामुळे कुंपणापासून तीन-चार मीटरवर उकिडवे किंवा पाटावर बसा. डोळे झुडपाच्या मध्यावर आले पाहिजेत, हे महत्त्वाचं. उभं राहून बघितलं तर वरच्या पानांचं छप्परच दिसतं. पंधरा मिनिटांत जास्वंदीच्या आतल्या काटक्यांवर उड्या मारत जाणारा, पाठीला हिरवट, पोटाला पांढरट आणि कपाळापासून डोक्यावर तांबूस टोपी घातलेला पक्षी दिसेल. शेपूट उभं. तो ओरडायला लागला की गळा फुगतो आणि गळ्याच्या बाजूला एक काळा डाग उघडा पडतो. चोच मिटली की डाग नाहीसा. विणीच्या दिवसांत नराच्या शेपटीची मधली दोन पिसं सुईसारखी लांब असतात.

याच कुंपणात राखी वटवट्या असू शकतो. तोही एवढाच, तोही शेपूट उभं धरतो. त्याचं डोकं राखी असतं, तांबूस टोपी नसते, पोट बदामी छटेचं, डोळे नारिंगी आणि शेपूट बरंच लांब. झुडपातून उडताना तो चुटक्या वाजवल्यासारखा टकटक आवाज करतो. तो आवाज आला की शंका उरत नाही.

शिंपी मोठी पानं कडेने टाचून त्याच्या द्रोणात कापूस-तंतूंचं घरटं करतो. पावसाळा हा त्याच्या विणीचा भर. जून ते ऑगस्ट जास्वंदीची छाटणी करू नका आणि टाचलेलं पान दिसलं तर ते उघडून बघू नका. कढीपत्ता आणि जास्वंदीच्या तळचा पालापाचोळाही झाडून काढू नका. किडे तिथेच असतात आणि झुडपातले सगळे पक्षी त्यावर जगतात.

चष्मेवाला म्हणजे डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला पिवळा-हिरवा चिमुकला पक्षी. एकटा जवळजवळ नसतोच, थव्याने येतो आणि बारीक किणकिणत झाड पिंजून निघून जातो. एका झाडावर पाच मिनिटंही टिकत नाहीत. ते ज्या दिशेला सरकतायत त्या पुढच्या झाडाखाली आधीच जाऊन थांबायचं. त्यांच्यासाठी आणि पुढच्या अनेकांसाठी पाण्याचं भांडं ठेवा. मातीची पसरट परळ, पाणी दोन ते चार सेंटिमीटर खोल, मध्ये पाण्याबाहेर डोकावणारा एक खडबडीत दगड. मांजर असेल तर भांडं जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर उंच ठेवा, आणि झुडपापासून दोन-तीन मीटरवर. एकदम चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार लांब ठेवलं तर लहान पक्षी येतच नाहीत. पाणी रोज बदला, भांडं काथ्याने घासा. मार्च ते जून या भांड्यापाशी संध्याकाळी अर्धा तास बसणं हे दोन तास झाडं धुंडाळण्यापेक्षा जास्त फळतं.

आता तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक टुक टुक’ आवाज, मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके, थांबायचं नाव नाही. तुमच्याकडे आत्ता दिवसभर चालू असेल. तरीही तो दिसत नाही, याला तीन कारणं आहेत. तो चिमणीएवढाच असून अंगाने हिरवा आहे. ओरडताना चोच मिटलेली असते आणि गळ्याची कातडी फुगते, त्यामुळे उघडणाऱ्या चोचीची हालचाल दिसत नाही. आणि तो मान डावी-उजवीकडे फिरवत राहतो, त्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो.

त्याला पकडायची रीत अशी. परसाच्या एका कोपऱ्यात उभं राहा, तळहात कानामागे द्रोणासारखे धरा, मान हळूहळू फिरवा आणि आवाज सर्वांत स्पष्ट कुठून येतो ते ठरवून त्या सरळ रेषेत एखादी खूण लक्षात ठेवा, पाण्याची टाकी म्हणा किंवा खांब म्हणा. मग दहा-पंधरा मीटर बाजूला जाऊन पुन्हा तेच करा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथलं झाड धरायचं. तो थांबला तर घाई करू नका, बहुतेक वेळा त्याच जागेवरून पुन्हा सुरू करतो. आता त्या झाडाची पानं सोडून द्या आणि फक्त निष्पर्ण, वाळक्या, वरच्या फांद्या बघा. सकाळी पहिलं ऊन घ्यायला तो तिथेच बसतो. आखूड शेपटीचा, जाड मानेचा, कुबड काढल्यासारखा पक्षी दिसेल. उजेड बरोबर असेल तर कपाळावर लाल, गळ्याला पिवळा आणि छातीवर पुन्हा लाल रंग, पायही लाल. शेवग्याची एखादी मेलेली, तिरपी फांदी असेल तर तिची खालची बाजू बघा. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं गोल भोक दिसलं तर ते त्याचं घर असू शकतं. ती फांदी वाळली म्हणून तोडू नका.

हे दोन ठिकाणांवरून कान लावण्याचं तंत्र चौथ्या पायरीतल्या सगळ्यांना लागू पडतं. कुटुर्गा तांबटाचाच मोठा भाईबंद, साळुंकीएवढा, ‘कुटुर कुटुर’ करत राहणारा. फरक इतका की तो पानांच्या आत बसतो. त्याला पिंपळ फळांनी लहडलेला असताना गाठा.

कोकीळ लोकांना माहीत असतो, पाहिलेला फार थोड्यांनी असतो. आधी एक दुरुस्ती. ‘कुहूऽ’ करणारा नर आहे, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी असून अंगभर पांढरे ठिपके असतात आणि ती ‘किक किक किक’ असं तीक्ष्ण ओरडते. दोघेही आंब्याच्या दाट भागात बसतात आणि तिथे त्यांना शोधण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेपासून ते कावळ्यांच्या घरट्यांभोवती फिरतात, कारण मादी अंडी तिथेच घालते. कावळे कलकलाट करत एखाद्या काळ्या पक्ष्यामागे लागलेले दिसले की तो कोकीळ, आणि त्या वेळी तो उघड्यावर असतो. दुसरी संधी तुमच्या कढीपत्त्यावर आहे. पावसाच्या सुरुवातीला त्याची फळं काळी-जांभळी होतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसत असेल तर पडदा ओढून फटीतून बघा. कोकिळा अडीच-तीन मीटरवर दिसेल, एरवी ती तीस मीटरवरही दिसत नाही.

हळद्या एवढा पिवळाधमक की तो लपेल कसा, असं चित्रात बघून वाटतं. प्रत्यक्षात कोवळी पालवी आणि पानांतून येणारे उन्हाचे कवडसे त्याच रंगाचे असतात. साळुंकीएवढा असूनही तो झाडात शिरला की विरघळतो. म्हणून तो उडताना पकडायचा. लांबलचक बासरीसारखी शीळ ऐकू आली की त्या झाडाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या आकाशावर नजर ठेवा. तो लाटेसारखा वरखाली होत एका झाडावरून दुसऱ्यावर जाईल. कोणत्या उंचीवर शिरला ते लक्षात ठेवा आणि तेवढ्याच भागावर पाच मिनिटं नजर रोखा.

सुभग कडुनिंबात आणि बाभळीत पानांच्या खालच्या बाजू तपासत फिरतो. चिमणीहून लहान, पिवळट-हिरवा, पंखांवर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या. चष्मेवाल्याशी गल्लत होते, तेव्हा पंख बघा, डोळा नंतर. त्याची शीळ लांब ओढलेली आणि शेवटी एकदम खाली पडणारी असते. पावसाच्या तोंडावर नर हवेत थोडा वर उडी घेतो आणि पिसं फुलवून कापसाच्या बोंडासारखा गिरक्या घेत खाली येतो. तो आठवडा साधलात तर शोधावंच लागणार नाही.

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी, पारव्याएवढा, हिरवा-पिवळा, पिवळ्या पायांचा. पिंपळावर पन्नास हरियाल असले तरी खालून एकही दिसत नाही, इतके ते स्वस्थ बसतात. वारा नसताना पिंपळाखाली फळं टपटप पडत असतील तर वर कोणीतरी खातंय हे नक्की. त्यांना बघायची वेळ सूर्योदयानंतरची पहिली वीस मिनिटं, तेव्हा थवा एखाद्या उघड्या झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो.

फुलटोच्या जेमतेम आठ सेंटिमीटर, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, मळकट राखी, रंगात लक्षात राहण्यासारखं काही नाही. त्याला शोधायचा पत्ता मात्र ठरलेला आहे, तो म्हणजे बांडगूळ. तुमच्या जुन्या आंब्यावर ते असायची बरीच शक्यता आहे. आंब्याच्या पानांत वेगळ्या, जाडसर पानांचा झुबका दिसला की त्याच्याकडे बघत बसा. ‘चिक चिक चिक’ असा कोरडा आवाज करत तो त्याच झुबक्यावर वारंवार येईल. बांडगुळाच्या चिकट बिया तोच फांद्याफांद्यांवर नेऊन लावतो. आंब्याच्या काळजीने बांडगूळ काढायचं असेल तर निदान एक लहानसा झुबका ठेवा.

इथपर्यंत आलात की दुर्बीण घ्या, त्याआधी गरज नाही. ८×४२ घ्या, मुलीच्या हाताला जड वाटली तर ८×३२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची मोहात पाडते, पण हाताचा कंपही दहा पट होतो आणि दिसणारा भाग अरुंद होतो, त्यामुळे दाट झाडात पक्षी सापडतच नाही. सर्वांत जवळचं किती अंतरावरून स्पष्ट दिसतं ते दुकानात तपासा. अडीच-तीन मीटरपेक्षा जास्त असेल तर जास्वंदीतल्या शिंप्यासाठी ती निरुपयोगी. वापरताना नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मान खाली घालून आधी दुर्बीण बघितली की पक्षी हरवलाच.

मर्लिनसारखं आवाज ओळखणारं अ‍ॅप मदतीला जरूर घ्या, पण त्याचं उत्तर हा फक्त इशारा समजा. कोतवाल शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो आणि अ‍ॅप त्याला फसू शकतं. वहीत ‘ऐकला’ आणि ‘पाहिला’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचा मात्र अजिबात नाही. नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, मग तो खाणं आणि घरटं सोडून त्याच्याशी झुंजत बसतो. विणीच्या दिवसांत तो वेळ पिल्लांच्या तोंडचा असतो.

शेवटची पायरी. पावशाचा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ हा चढत जाणारा आवाज उन्हाळाभर, चांदण्या रात्रीसुद्धा येतो. पक्षी पारव्याएवढा, राखी, दाट फांद्यांत निश्चल बसलेला. मला त्याच्या आवाजापेक्षा त्याचं गप्प होणं जास्त उपयोगी वाटतं. आवाज टिपेला जाऊन तुटला आणि पुन्हा सुरू झाला नाही, तर तो जागा बदलतोय. झाडातून बाहेर पडून तो खालून उडत जातो आणि दुसऱ्या झाडात एकदम वर झेप घेऊन शिरतो. उडताना तो इतका शिक्र्यासारखा दिसतो की सातभाई कालवा करतात. बसला की चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची जवळजवळ सरळ, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं.

शिंगळा घुबड तुमच्या आंब्यात असेल तर महिनोन्महिने असेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. झाडाच्या सालीसारखा रंग, बुंध्याला चिकटून, डोळे मिटून बसलेलं, डोक्यावर पिसांची दोन शिंगं. रात्री ठरावीक अंतराने येणारा, प्रश्न विचारल्यासारखा एकच मऊ स्वर ही पहिली खूण. बुंध्याखाली पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे आणि किड्यांचे पंख, हाडं असलेले ओकलेले गोळे ही दुसरी. तिसरी खूण सर्वांत भरवशाची. भर दिवसा बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, चष्मेवाले असे चार-पाच जातींचे पक्षी एकाच जागेभोवती जमून ओरडत असतील तर त्या जागी घुबड, साप किंवा मांजर यांपैकी काहीतरी आहेच. अशा वेळी हातातलं काम टाकून जा. घुबड सापडलं तर लांबूनच बघा आणि टॉर्च मारू नका.

नवरंग मी क्रमात धरलेला नाही, कारण तो तुमच्याकडे वाटसरू म्हणून येईल. दक्षिणेतून सह्याद्रीत आणि पुढे विणीला जाताना मे अखेर-जूनमध्ये एखाद्या पहाटे परसाच्या पाचोळ्यात उतरू शकतो. दोन स्वरांची स्वच्छ शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकू आली तर जमिनीवर बघा, झाडावर नाही.

सर्वांत अवघड म्हणून मी ब्लिथचा वटवट्या ठेवतो. शेजारच्या घाणेरीतून दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा ‘चक… चक’ आवाज दिवसभर येत असेल, तो बहुधा हाच. पाठ तपकिरी, पोट फिकट, चोच लांबट, डोळ्यापुढे अस्पष्ट भुवई, बाकी काही नाही. एका वेळी एखादं सेकंद दिसतो. त्याला एका नजरेत ओळखायचा प्रयत्न करू नका, तुकडे जमवा. आज पाठ दिसली, उद्या चोच, परवा डोकं, आणि प्रत्येक वेळी तोच ‘चक’. वहीत तारखेसह ते तुकडे लिहा. घाणेरीच्या ज्या टोकापाशी आवाज वारंवार येतो तिथून चार मीटरवर, संध्याकाळी पाचनंतर बसा, आणि पाण्याची दुसरी परळ त्याच बाजूला ठेवा. कडुनिंबाच्या वरच्या थरात दोन तुकड्यांत ‘चि-स्वी’ करणारा हिरवट पर्ण-वटवट्या असेल, त्याच्यासाठी नवी पालवी दाटायच्या आत बघून घ्या. दोघेही हिवाळी पाहुणे आहेत. एप्रिलच्या मध्याच्या सुमाराला निघतील आणि मग सप्टेंबरपर्यंत भेटणार नाहीत, म्हणजे हातात पाच-सहा आठवडे आहेत. क्रमात शेवटचे असले तरी आठवड्यातली एक संध्याकाळ आत्तापासूनच त्यांच्यासाठी राखून ठेवा.